फ्यूजकाका बोलले तो दिवस

रेडिओच्या बाईंना गावात कुणी नावाने हाक मारत नसे. एकवीस वर्षं रोज सकाळी नऊ ते दुपारी दोन त्या गावाच्या कानाशी बोलत आल्या होत्या, त्यामुळे दुकानदार त्यांना 'रेडिओच्या बाई' म्हणत, शेजारणी नुसतं 'बाई' म्हणत, आणि दवाखान्याच्या केसपेपरवरही एकदा तेवढंच लिहिलं गेलं होतं.

केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, दोन फोन आणि गच्चीवर जाणारा जिना. आतल्या खोलीत माइक. आवाज घुमू नये म्हणून आत भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. त्यातल्या एका गादीचा कापूस सारखा बाहेर यायचा आणि बाई बोलता बोलता तो बोटाने आत ढकलायच्या. कुणाची शेळी हरवली, कुणाची सापडली, नळाचं पाणी किती वाजता जाणार, कोणत्या होड्या धक्क्याला लागल्या, हा त्यांचा रोजचा पसारा. मोठ्या शहरातल्या केंद्राने त्यांना दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी नको म्हणून कळवलं. तिथे मी कुणाला ओळखते, आणि ज्याला ओळखत नाही त्याला पाणी भरून ठेवा असं कुठल्या तोंडाने सांगू, असं त्यांचं म्हणणं होतं. नवरा गावातल्याच शाळेत चित्रकला शिकवायचा, सासूबाई घरी बसून सुनेचा शब्दन्‌शब्द ऐकायच्या आणि जेवताना चुका काढायच्या. बाईंचं बरं चाललं होतं.

केंद्रावर त्यांच्याखेरीज दोनच माणसं. एक फ्यूजकाका. पहिल्या दिवसापासून यंत्रं तेच सांभाळत. तार जळायच्या आधीच त्यांना वास येतो अशी ख्याती होती, त्यावरून हे नाव पडलं. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. दिवसभरात मोजून दहा शब्द बोलायचे आणि त्यातले चार 'हं' असायचे. दुसरे साहेब. आठ महिन्यांपूर्वी शहरातून बदलून आलेले. कागदावर बाईंचे वरिष्ठ, वयाने त्यांच्या मुलासारखे. साहेबांना ते 'साहेब' जरा मोठंच होत होतं, हे त्यांनाही कळत होतं.

त्या मंगळवारी पावणेअकरा वाजता मासळीबाजारातून एका कोळणीचा फोन आला. डोळे झोंबतायत, घशात आग पडलीय, माणसं पाट्या टाकून पळतायत, एवढं सांगून ती खोकायला लागली आणि फोन बंद झाला.

साहेब म्हणाले, लगेच सांगून टाकू. बाईंनी हातानेच थांबा म्हटलं आणि आगीच्या बंबवाल्यांना फोन लावला. बंबाचे प्रमुख धावता धावताच बोलत होते. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली होती. वारा बंदराकडून शाळेकडे वाहत होता. बाईंनी तीन प्रश्न विचारले. घरातल्यांनी काय करायचं, रस्त्यावरच्यांनी काय करायचं, आणि कुठल्या वाटेने जायचं नाही. उत्तरं पाकिटाच्या मागे लिहून घेतली आणि त्या माइकवर गेल्या. कोळणीच्या फोनला तेव्हा चार मिनिटं झाली होती.

"बाजार, बंदर रस्ता आणि शाळा या भागातल्यांसाठी सांगतेय," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया वायू बाहेर येतोय. हे मला बंबवाल्यांच्या प्रमुखांनी आत्ताच फोनवर सांगितलं. घरात असाल तर घरातच राहा. दारं-खिडक्या लावा, फटींना ओली फडकी कोंबा. रस्त्यावर असाल तर नाकातोंडावर ओला कपडा धरा आणि टेकडीच्या रस्त्याला लागा. बाजाराच्या रस्त्याने नको. कुणाला किती त्रास झालाय ते मला अजून माहीत नाही. कळलं की सांगेन. मी इथेच आहे."

हेच त्यांनी पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा. तोवर फ्यूजकाका कुणी न सांगता गच्चीवर जाऊन आले होते. समोरच्या घरांवर वाळत घातलेले कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते पाहून त्यांनी एका चिठ्ठीवर बाण काढला आणि बाईंपुढे ठेवला. दर दहा मिनिटांनी वर जायचं आणि नवा बाण आणायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी जिना त्यांना जिना वाटला नाही.

खरी धास्ती वेगळीच होती. शाळेत तीनशे मुलं होती, आणि वारा शाळेकडे होता म्हटल्यावर आईबाप घरात कसे बसतील? पाच मिनिटांत बाहेरच्या दोन्ही फोनवर तोच घोष सुरू झाला: मुलांना आणायला निघालोय, कुठल्या रस्त्याने जाऊ. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बंबवाल्यांनी बजावलं होतं की मुलं वर्गात बंद आहेत तीच सुरक्षित आहेत, धोका आहे तो त्यांच्याकडे धावत सुटणाऱ्यांना. पण घाबरलेल्या आईला 'जाऊ नका' एवढंच सांगून ती थोडीच थांबते. बाईंनाही ते ठाऊक होतं. आपला नवरा त्याच शाळेत आहे हेही त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात ठाण मांडून बसलं होतं.

त्यांनी साहेबांकरवी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि तो सरळ माइकला जोडून घेतला. मुख्याध्यापिका मोठ्या कडक. त्यांचा आवाज ऐकला की गावातले बाप्येसुद्धा अजून ताठ उभे राहत.

"सगळी मुलं वरच्या मजल्यावर आहेत," त्या म्हणाल्या. "मी स्वतः दोनदा मोजली. तीनशे सात. खिडक्या बंद आहेत, ओले पडदे लावलेत. दोन मुलं रडतायत, ती वायूमुळे नाही, डबा खाली राहिला म्हणून. चित्रकलेच्या सरांनी सगळ्यांच्या तोंडाला ओले रुमाल बांधून प्रत्येकाला शेजाऱ्याचं चित्र काढायला बसवलंय. एकही पालक मला फाटकाशी दिसता कामा नये. दिसला तर नाव लिहून घेईन."

माइकच्या या बाजूला बाई पहिल्यांदाच हसल्या. नवऱ्याची खबर अशी फुकटात मिळाली. त्यांनी मुख्याध्यापिकांचे आभार मानले आणि पुढच्या अर्ध्या तासात तीनदा त्यांनाच बोलतं केलं. त्या दर वेळी नव्याने दम भरत आणि दर वेळी गावाचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत गेला. टेकडीच्या रस्त्यावरची माणसं सांगत होती की शाळेकडे निघालेल्या सात-आठ आया पानाच्या टपरीवर रेडिओ ऐकत थांबल्या, मुख्याध्यापिकांचा आवाज कानावर पडला आणि तिथेच पायरीवर बसल्या.

तोवर बाजारातली माणसं गावभर पांगली होती. कुणी टेकडीवर, कुणी कुणाच्या तरी ओसरीवर. कोण कुठे आहे, कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. मग बाईंनी नवीनच सुरू केलं. ज्यांच्या घरात परकं माणूस आसऱ्याला आलंय त्यांनी फोन करायचा आणि नाव कळवायचं. नुसत्या नावावरून गावात काही कळत नसे, एकाच नावाची नऊ माणसं निघत. म्हणून बाई ओळख सांगू लागल्या. बेकरीवाल्यांची धाकटी सून पोस्टमास्तरांच्या घरी आहे, खोकतेय पण बरी आहे. चष्मेवाले आजोबा न्हाव्याच्या दुकानात बसलेत, चष्मा सापडलेला नाही. जुळ्यांची आई टाकीजवळच्या पिवळ्या घरात आहे आणि जुळीही तिथेच आहेत. साहेब कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून दोन्ही हातांनी लिहीत होते आणि चिठ्ठ्यांचा ढीग लावत होते. आठ महिन्यांत गावाची जेवढी ओळख झाली नव्हती तेवढी त्यांना त्या तासाभरात झाली.

सव्वाबाराला वारा पडला. त्याच सुमाराला बंबवाल्यांच्या प्रमुखांचा फोन आला. तो बाईंनी बाहेर येऊन घेतला.

नळी बंद झाली होती. एक्केचाळीस माणसं दवाखान्यात नेली होती, कुणाच्या जिवाला धोका नव्हता. एक माणूस मात्र गेला होता. बर्फदादा. कारखान्यातली यंत्रं वीस वर्षं तेच चालवायचे. सगळी माणसं बाहेर पडल्यावर ते एकटेच आत परत गेले होते आणि मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण आवळून बंद केला होता. तिथेच, व्हॉल्व्हपाशी ते सापडले. तो बंद झाला नसता तर अख्खी टाकी रिकामी झाली असती, असं प्रमुख म्हणाले. घरी अजून कळवलेलं नव्हतं. बंबाची सगळी माणसं कारखान्यात कामात गुंतली होती, तासाभरात कुणाला तरी पाठवतो म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला. दादांची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणायचं, ग्रंथालयाच्या मागच्याच गल्लीत राहायची. शिवणकाम करायची. तिचं मशीन आणि तिचा रेडिओ दिवसभर एकदमच चालायचे. म्हणजे आत्ताही चालू असणार होता.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. शहरातल्या मोठ्या केंद्राचा होता. त्यांना कुठून तरी कुणकुण लागली होती आणि मृताचं नाव हवं होतं. साहेबांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"बाई, दहा मिनिटांत ते कुठूनही नाव काढतील आणि सांगून मोकळे होतील," ते हळू आवाजात म्हणाले. "घटना आपल्या गावातली. आपण मागे राहिलो तर उद्या मला वर जाब द्यावा लागेल."

"सांगू देत त्यांना," बाई म्हणाल्या. "त्यांचा रेडिओ वहिनी ऐकत नाहीत. आपला ऐकतात."

 साहेबांनी फोन कानाला लावला आणि अगदी गोड आवाजात, ताकास तूर लागू न देता, आमच्याकडे अजून काही पक्कं नाही, कारखान्याचं काम चालू आहे, तुम्ही अर्ध्या तासाने करा, असं सांगून ठेवून दिला. ठेवल्यावर म्हणाले, "मग तुम्ही जा. पण तासाभर थांबू नका, आत्ताच जा."

प्रश्न राहिला माइकचा. सकाळपासून बाई 'मी इथेच आहे' म्हणत होत्या, आणि गाणं लावलं असतं तर लोकांना वाटलं असतं की सगळं संपलं, खिडक्या उघडा. साहेबांना फोन सोडून उठता येत नव्हतं. बाईंनी फ्यूजकाकांकडे पाहिलं. काकांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला नाही जमायचं," ते म्हणाले.

"वारा कसा आहे ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "गच्चीवरून काय दिसतं तेवढंच सांगा. दिसत नाही ते सांगू नका."

काकांनी एकवीस वर्षं पुसलेल्या त्या खुर्चीत पहिल्यांदाच बूड टेकलं. बाई ओला पंचा तोंडाला धरून जिना उतरल्या. त्या रस्त्यावर आल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून काकांचा आवाज येत होता. तो त्यांना आधी ओळखूच आला नाही.

"ऐका," काका म्हणत होते. "म्हणजे, नमस्कार. बाई जरा बाहेर गेल्यात. मी यंत्रवाला. आत्ता वर जाऊन आलो. वारा पडलाय. समोरच्या घरावर एक निळी चादर आहे, ती सकाळी आडवी उडत होती. आता सरळ लोंबतेय. पण खिडक्या उघडू नका. चादर म्हणाली म्हणून उघडायच्या नाहीत. बंबवाले म्हणतील तेव्हा उघडू."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वहिनींचं दार नुसतं लोटलेलं होतं, खाली ओलं पोतं लावलेलं. बाईंनी कडी वाजवली. आत मशीनचा आवाज नव्हता. रेडिओ मात्र चालू होता.

वहिनींनी दार उघडलं, बाईंना पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्यांच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती.

"काका बोलायला लागले तेव्हाच मी मशीन थांबवलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बाई उठल्या म्हणजे कुणाच्या तरी घरी निघाल्या. माझ्याकडे येऊ नयेत, एवढंच म्हणत होते."

बाईंनी दार लावून घेतलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "वहिनी, दादा गेले."

एवढंच त्या बोलल्या. मग वहिनी खाली बसल्या, तशा त्याही त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. वहिनी बराच वेळ रडल्या. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. बाईंनी 'शांत व्हा' म्हटलं नाही. रेडिओवर काका निळ्या चादरीशेजारच्या पांढऱ्या शर्टाबद्दल काही सांगत होते. बाई तो बंद करायला उठल्या, तर वहिनींनी राहू दे म्हणून हात हलवला. मग त्यांनी विचारलं, कसं झालं. बाईंना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं: सगळे बाहेर पडले होते, दादा परत आत गेले, व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, तो बंद झाला म्हणून वायू थांबला. त्रास किती झाला असेल, असं वहिनींनी विचारलं. ते मला माहीत नाही, असं बाई म्हणाल्या.

वहिनींनी गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती नीट गुंडाळली आणि मशीनवर ठेवली.

"रेडिओवर सांगितलंत?"

"नाही. तुम्हाला कळल्याशिवाय कसं सांगणार?"

"त्यांच्या भावाला फोन करते. त्याला कळलं की मग सांगा." मग म्हणाल्या, "आणि बाई, 'बिचारे' म्हणू नका. त्या यंत्रांतलं त्यांना सगळं कळायचं. आत जाताना काय होईल तेही कळलं असणार."

दिराला फोन झाला. शेजारची जाऊ धावत आली, तिने वहिनींना कवेत घेतलं, तेव्हाच बाई उठल्या.

एक वाजता त्या पुन्हा माइकवर बसल्या. फ्यूजकाका घामाने निथळत बाजूला झाले. त्यांनी पंचवीस मिनिटांत आयुष्यभराचा शब्दांचा साठा खर्च केला होता. बाईंनी सांगितलं की बर्फदादा गेले. ते काम जाणणारे होते, सगळे बाहेर आल्यावर ते जाणूनबुजून आत गेले आणि व्हॉल्व्ह बंद करूनच थांबले, हे बंबवाल्यांच्या प्रमुखांनी सांगितलंय. त्यांच्या घरच्यांना कळवलेलं आहे, गर्दी करू नका, ज्यांना जायचं त्यांनी उद्या जा. मग त्या एक मिनिटभर काही बोलल्या नाहीत. एकवीस वर्षांत त्या केंद्रावर इतका वेळ शांतता कधीच नव्हती, पण कुणीही रेडिओ बिघडला असं म्हणून फोन केला नाही.

शहरातल्या केंद्राने तोवर 'चार ठार' म्हणून सांगून टाकलं होतं आणि दोन वाजता ते मागे घ्यावं लागलं. त्याच सुमाराला बंबवाल्यांनी आता खिडक्या उघडा म्हणून कळवलं आणि बाईंनी ते गावाला सांगितलं. शेवटचा फोन ठेवल्यावर साहेबांनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, चपट्या केल्या आणि स्वतःच्या खणात ठेवल्या. आसऱ्याला गेलेली एकशे बारा माणसं, आणि एकूण एक घरी पोचलेली.

चार वाजता शाळा सुटली. नवरा घरी आला तो बोटांना रंग, खिशात ओला रुमाल आणि काखेत चित्रांचं भेंडोळं घेऊन. सगळ्या चित्रांत नुसते डोळे होते, कारण बाकीचं तोंड रुमालाखाली होतं. नवराबायको दोघंही दमले होते. बाईंनी पाणी गरम करायला ठेवलं, नवऱ्याने भात लावला, आणि दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बर्फदादांबद्दल बोलत राहिले. जेवताना बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. चुका येणार हे धरूनच चाललं होतं. सासूबाईंनी भात कालवला, घास घेतला.

"अकरा वाजून वीस मिनिटांनी एकदा खोकलीस," त्या म्हणाल्या. मग ताटाकडे बघत, "बाकी ठीक होतं."

त्या घरात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती. बाईंना त्या रात्री शांत झोप लागली.

पुढचे काही दिवस गावाचे पाय आपोआप मागच्या गल्लीकडे वळत. एक्केचाळीस जण आठवड्याभरात दवाखान्यातून घरी आले आणि येताना बहुतेक जण आधी वहिनींच्या दारात थांबून मगच आपल्या घरी गेले. कारखाना बंद ठेवून सगळ्या नळ्या बदलायला घेतल्या. फ्यूजकाकांची तर पंचाईतच झाली. बाजारात माणसं त्यांना अडवून आज वारा कसा आहे म्हणून विचारत. घरची बिघडलेली यंत्रं कशी दुरुस्त करायची ते त्यांनी दर गुरुवारी सांगावं, असं साहेबांनी सुचवलं. काका तीन दिवस 'हं' म्हणत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, दहा मिनिटांच्या वर नाही बोलणार. पहिल्याच गुरुवारी ते इस्त्रीबद्दल सव्वीस मिनिटं बोलले.

पाच आठवड्यांनी एका सकाळी वहिनी माडी चढून आल्या. चेहरा उतरलेला होता, पण केस नीट विंचरलेले, हातात कागद. सूचना वाचायला द्यायची होती. शिवणकाम सोमवारपासून पुन्हा सुरू होतंय, ज्यांचे कपडे अर्धवट राहिलेत त्यांनी येऊन बघून जावं. बाईंनी त्यांना आतच बसवून घेतलं आणि सूचना दोनदा वाचली. वाचून होते न होते तोच बाहेरचा फोन वाजला. साहेबांनी आत डोकं घालून सांगितलं की पोस्टमास्तरांच्या घरून विचारतायत, झंपराच्या बाह्या आखूड करून मिळतील का.

बाई म्हणाल्या, मला काय विचारता, त्या इथेच बसल्यात. वहिनी उठून बाहेर गेल्या आणि त्यांनी फोन घेतला.

"किती बोटं आखूड करायच्यात?" त्या विचारत होत्या. "असं फोनवर नाही कळायचं हो. जुना एक झंपर मापाला घेऊन या."

बाईंनी दार लोटून घेतलं आणि पुढची सूचना उचलली.